गाव सोडलेल्यांचे सिनेमे

गेल्या दोनेक वर्षांत मनापासून आवडलेले सिनेमे आठवायला बसले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात कुणी ना कुणी घराकडे निघालेलं आहे. कुणी चुलतबहिणीच्या लग्नाला, कुणी वडील गेले म्हणून, कुणी शहरातलं राहतं घर बिल्डरच्या घशात गेलं म्हणून, आणि कुणी सगळं बंद पडल्यावर दुसरा रस्ताच उरला नाही म्हणून. भाषा वेगळ्या, दिग्दर्शक वेगळे, पैसा लावणारे वेगळे. तरी सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

मी सिनेमा आवडीनं बघते, त्यावर लिहिणं हा काही माझा व्यवसाय नाही. कॅमेरा आणि संकलनातल्या खुब्या मला फार उलगडून सांगता येणार नाहीत. पण पडद्यावरचं माणूस खरं वाटतंय का, हे ओळखायला तेवढं तंत्र लागत नाही, आणि त्याबाबत माझी मतं पक्की आहेत.

गावाकडे परतणं ही आपल्या सिनेमाची जुनी आवड. शहर कोरडं, गाव मायाळू. शहरातला पैसा खोटा, गावातली भाकरी खरी. नायक शेवटी बांधावर उभा राहतो आणि संगीत चढत जातं. हे बघताना मी दर वेळी अडखळते. हा माणूस मुळात गेला का होता? निव्वळ हौसेनं गाव सोडणारे थोडे. वाटण्यांत भाऊबंदकी झाली, शेतीत भागेना, जात आडवी आली, मुलीला पुढे शिकायचं होतं, भलत्या ठिकाणी जीव जडला, यातलं काहीतरी घडलेलं असतं. ते सगळं बाजूला सारून परतण्याचा सोहळा मांडला की मला फसवल्यासारखं वाटतं. त्यामुळे हल्ली मी असा सिनेमा बघताना एवढंच बघते, की परतणाऱ्याची गोष्ट सांगताना तो गेला का, हे सिनेमाला आठवतंय का.

'मेय्यळगन' या तमिळ सिनेमाला ते सुरुवातीपासून आठवतं. सी. प्रेमकुमार दिग्दर्शित हा सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये आला आणि तेव्हापासून मी तो जितक्या लोकांना बघायला लावलाय तितका दुसरा कुठला नाही. १९९६ साली मालमत्तेच्या भांडणात तंजावरचं राहतं घर नातलगांकडे गेलं, म्हणून अरुळमोळीचं कुटुंब चेन्नईला निघून गेलं. बावीस वर्षांनी हा अरुळ, आता चांगला संसारी झालेला, चुलतबहिणीच्या लग्नापुरता त्या मुलखात येतो. अरविंद स्वामीनं हा माणूस फार आखडून घेतलेला दाखवलाय. लग्नात तोंड दाखवायचं आणि रात्रीची बस धरून परत फिरायचं, एवढाच त्याचा बेत. तिथे एक माणूस त्याला गाठतो. 'अत्तान, अत्तान' (आते-मामेभावाला किंवा मेव्हण्याला मारायची तमिळ हाक) करत त्याच्या मागेपुढे करतो, आग्रहानं जेवू घालतो, लहानपणीच्या आठवणींवर आठवणी काढतो. कार्तीनं रंगवलेल्या या माणसाचा अरुळवर इतका जीव आहे की बघणाऱ्याला संकोच वाटावा. आणि अरुळला त्याचं नावच आठवत नाही. विचारायची वेळ पहिल्या दोन मिनिटांतच निघून गेली. आता विचारलं तर समोरच्याच्या जिवाला लागेल.

एवढ्या भांडवलावर जवळपास तीन तासांचा सिनेमा उभा आहे. अरुळची बस चुकते, तो रात्रभर त्या माणसाच्या घरी राहतो, दोघं बोलत बसतात. मारामारी नाही, कट नाही, प्रेमप्रकरण नाही. तरी मी श्वास रोखून बघत होते, कारण नाव न आठवण्याची ती लाज प्रत्येकानं कधी ना कधी सोसलेली असते.

यातला मला सगळ्यांत आवडलेला भाग सायकलीचा. गाव सोडताना अरुळची सायकल मागे राहिली होती. ती या माणसाच्या घरी आली आणि त्या सायकलीच्या आधारानं त्या गरीब घराचं बस्तान बसलं. ही गोष्ट तो अरुळला सांगतो, तेव्हा अरविंद स्वामीचा चेहरा बघण्यासारखा आहे. बावीस वर्षं त्यानं फक्त गेलेल्या घराचा हिशोब ठेवला होता. त्याच गावात आपल्यामुळे कुणाचं तरी घर उभं राहिलं, याचा त्याला पत्ताच नव्हता. आणि दिग्दर्शकाचं शहाणपण असं, की या सायकलीच्या बदल्यात तो घर बळकावणाऱ्यांना माफी देऊन टाकत नाही. ज्यांनी लुबाडलं त्यांनी लुबाडलंच. माया आणि अन्याय एकाच गावात शेजारी शेजारी राहतात, आणि परतणाऱ्याला दोन्हींची भेट होते.

सिनेमा लांबला आहे, हे खरं. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच त्यातली सुमारे १८ मिनिटं कापली गेली. इतिहास, लढाया, परंपरा यांवरच्या गप्पा सुरू झाल्या की मधूनच भाषण ऐकल्यासारखं होतं. तरी माझं मत असं, की ती रात्र लांबायलाच हवी होती. यजमानाला ती संपू द्यायची नाहीये. आपला पाहुणा पहाटे उठून गेला तर पुन्हा बावीस वर्षं यायचा नाही, ही भीती त्याच्या प्रत्येक नव्या विषयामागे आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. लग्नाच्या मांडवात अरुळला एक लांबच्या नात्यातली बाई भेटते. तुझ्याशीच लग्न करायला हवं होतं, असं ती त्याला जाता जाता सांगून टाकते. तिचं सगळं आयुष्य त्या वाक्यात आहे. ती कुठेच गेलेली नाही, तिच्याकडे परत येण्यासारखं काही नाही. सिनेमा तिच्याजवळ थोडा वेळ थांबतो आणि पुढे निघून जातो. मी मात्र पुढचा बराच वेळ तिच्यापाशीच होते.

पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'बद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगते. २०२४ च्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं, आणि तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला तो ३० वर्षांनी. मुंबईच्या एका इस्पितळात काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका, प्रभा आणि अनू, आणि तिथेच स्वयंपाकाचं काम करणारी पार्वती. प्रभाचा नवरा जर्मनीत, लग्नानंतर लगेच गेलेला, आता फोनही करत नाही. एक दिवस तिच्या नावानं जर्मनीहून भात शिजवायचा कुकर येतो, पाठवणाऱ्याची चिठ्ठी नाही. रात्री एकटी असताना प्रभा तो कुकर कवेत घेऊन बसते. प्रभा झालेली कनी कुसृती या प्रसंगात काहीही 'करत' नाही, आणि नवऱ्याशिवायची सगळी वर्षं तिच्या बसण्यात दिसतात.

पण माझं लक्ष पार्वतीवर होतं. छाया कदमनं ही भूमिका फार ताठ मानेनं केलीय. इतकी वर्षं राहिलेलं घर आपलं आहे, हे सांगणारा कागद तिच्यापाशी नाही. टॉवर बांधणाऱ्याचे लोक त्रास देऊ लागतात. शेवटी ती कोकणातल्या आपल्या गावी परत जायचं ठरवते. जाण्याआधी ती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड भिरकावतात, तो प्रसंग बघून मला फार बरं वाटलं. उत्तरार्धात तिघी रत्नागिरीकडच्या समुद्रकाठी येतात आणि सिनेमाचा रंगच पालटतो. शहरात अनू आणि तिचा मुसलमान प्रियकर शियाझ यांना दोन घटका एकत्र बसायला जागा मिळत नव्हती, ती इथे मिळते. प्रभाच्या मनात वर्षानुवर्षं अडकलेलं काहीतरी इथे सुटतं. सुंदर आहे हे सगळं. मात्र गाव ज्यांचं नाही त्यांना ते मोकळं करतं, आणि ज्या बाईचं ते गाव आहे ती हळूहळू कडेला सरकते. अनू आणि प्रभा परत मुंबईला जातील. पार्वतीला तिथेच राहायचंय. तिचे दिवस तिथे कसे जाणार, मी हाच विचार करत होते, आणि माझ्या मते सिनेमानं तो पुरेसा केलेला नाही. एवढ्या ताकदीच्या दिग्दर्शिकेकडून माझी तेवढी अपेक्षा होती.

ती अपेक्षा एका मराठी सिनेमानं पुरी केली. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' (म्हणजे निवडुंगाची फळं) जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. त्या महोत्सवात पोचलेला हा पहिला मराठी सिनेमा, आणि त्यानं जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिकच मिळवलं. आपल्याकडे तो त्या सप्टेंबरात लागला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर आईबरोबर वडिलांच्या गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. काय खायचं, काय घालायचं, कुठे बसायचं, सगळ्याचे नियम, आणि नियम सांगायला घरभर नातलग. त्यात प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय: आता लग्न कर. आनंदला पुरुष आवडतात. आईला ते माहीत आहे, वडिलांनाही माहीत होतं. नातलगांना मात्र सांगितलंय की एका मुलीनं त्याला फसवलं, म्हणून तो लग्नाला तयार होत नाही.

मला या आईबद्दल बोलायचंय. जयश्री जगताप यांनी ती इतकी साधी उभी केलीय की आपण अभिनय बघतोय हे विसरायला होतं. नवरा नुकताच गेलाय, दीर-जावा-नणंदा भोवती आहेत, आणि या गराड्यात ती मुलाभोवती एक कुंपण धरून उभी आहे. मोठमोठे संवाद नाहीत. कुणी जरा जास्तच खोदून विचारू लागलं की ती विषय बदलते, मुलाला काहीतरी काम सांगते, नाहीतर सरळ खोटं बोलते. पडद्यावर अशा गोष्टीतले आईवडील एक तर मुलाला घराबाहेर काढतात, नाहीतर शेवटी रडून जवळ घेतात. ही बाई हे सगळं कधीच मागे टाकून आलेली आहे. मुलाला समजून घेण्याचं काम तिनं आधीच केलंय, आता तिला फक्त त्याला सांभाळायचंय.

आनंदचा लहानपणचा मित्र बाल्या गावातच राहिलेला, शेती करणारा. त्याच्यावरही लग्नाचं तेच दडपण. आनंद झालेला भूषण मनोज आणि बाल्या झालेला सूरज सुमन या दोघांमध्ये जे काही घडतं ते फार सावकाश घडतं. बाल्या त्याच्यासाठी साबर बोंडं शोधून आणतो, शेजारी बसतो, बोलणं तुटक तुटक होत राहतं. सिनेमात पार्श्वसंगीत अजिबात नाही. आपल्याला काय वाटायला हवं हे कुणी सुचवत नाही, त्यामुळे त्या दोघांच्या गप्प बसण्यातलं सगळं आपल्यालाच ऐकावं लागतं. दिग्दर्शकानं हे कथानक स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतरच्या दिवसांतून उचललंय, आणि म्हणूनच बहुधा त्यात गावावर राग नाही. पण गाव तिथल्या माणसाला जगू देत नाही, हेही त्यानं एका क्षणासाठी झाकलेलं नाही. आनंद गेला का, आणि बाल्याला जावंसं का वाटेल, दोन्ही प्रश्नांची उत्तरं सुतकाच्या त्या दहा दिवसांत मिळतात.

त्याच सप्टेंबरात आलेला 'दशावतार' मी मोठ्या उत्सुकतेनं बघितला. कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, त्याची अधू होत चाललेली नजर, आणि आता बस करा म्हणणारा मुलगा. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर केलेलं हे काम विलक्षण आहे. चेहऱ्याला रंग लावताना त्यांच्या हातांत जो सराव दिसतो, तो शिकवून येत नाही. बाप-लेकाचा पूर्वार्ध मला फार भावला. पुढे मात्र सूडाची गोष्ट सुरू होते, खाणवाले खलपुरुष भडक होतात, आणि इतका वेळ माणूस असलेला बाबुली एक शक्ती होऊन जातो. कोकणाच्या डोंगरांवर आलेलं संकट खरं आहे, त्याबद्दल चिडून सिनेमा करावा हेही योग्यच. पण मुलगा बापाला 'थांबा' का म्हणतो, ती पोटापाण्याची आणि काळजीची गोष्ट या सूडाखाली गाडली गेली. माझ्यापुरता खरा सिनेमा तिथेच होता.

मध्येच 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'चं नाव घेते. रीमा कागतीचा हा सिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि फार गाजावाजा न होता गेला, याची मला हळहळ आहे. मालेगावातली पोरं आपल्याच गल्लीत, आपल्याच मित्रांना घेऊन सिनेमे काढतात, ही खरी घडलेली गोष्ट. त्यातला लेखक फरोग मुंबईला जातो, नासिर मालेगावात राहतो. गेलेला बरोबर की राहिलेला, याचा निवाडा सिनेमा करत नाही. दोघंही एकमेकांवर रागावलेले आहेत आणि दोघांचाही राग रास्त आहे. विनीत कुमार सिंगचा फरोग मुंबईतल्या दारांपुढे ताटकळत उभा असतो, ते बघवत नाही.

आतापर्यंत ज्यांची नावं घेतली ते परतणारे बहुतेक पुरुष. बाईच्या बाबतीत 'घरी परतणं' हेच गोंधळाचं आहे, आणि किरण रावच्या 'लापता लेडीज'नं तो गोंधळ किती हसतखेळत मांडला! गाडीत घुंगटामुळे नवऱ्या मुली बदलल्या जातात. स्टेशनवर अडकलेल्या फूलला सासरच्या गावाचं नाव आठवत नाही; कुठल्याशा फुलाचं नाव आहे, एवढंच माहीत. माहेरी एकटी परत जाणं तिला लाजिरवाणं वाटतं. म्हणजे जिथून आली तिथे जायचं नाही आणि जिथे जायचं ते ठाऊक नाही. तिला आसरा देते ती फलाटावर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई. पुन्हा छाया कदम! पार्वती आणि मंजूमाई एकाच वर्षात आपल्यासमोर आल्या. दोघीही एकट्या, दोघीही कष्टाचं खाणाऱ्या, आणि दोघींनाही कुणाची कीव नको. दुसरी हरवलेली मुलगी, जया, तिला तर परतायचंच नाहीये, तिला सेंद्रिय शेती शिकायला जायचंय. या सिनेमात शेवटी सगळे गुंते जरा जास्तच सोयीनं सुटतात, पण ती सोय मी आनंदानं मान्य केली. त्या दोन मुलींचं वाईट व्हावं असं मला पडद्यावरही बघायचं नव्हतं.

'स्थळ'मधल्या सविताला अशी कुठलीच सोय नाही. जयंत दिगंबर सोमलकर यांच्या या सिनेमाला टोरांटो महोत्सवात २०२३ साली आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो लागायला मार्च २०२५ उजाडला. विदर्भातलं गाव, कापसाचं शेत, आणि बघायला येणाऱ्यांच्या पुढे पुन्हा पुन्हा येऊन बसणारी मुलगी. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. तेच प्रश्न, तीच बैठक, आणि दर वेळी नव्यानं आलेला नकार. सविताला स्पर्धा परीक्षा द्यायचीय. कामं करणारी सगळी माणसं तिथलीच, व्यावसायिक नट कुणीच नाही, आणि नंदिनी चिकटेच्या चेहऱ्यावर हळूहळू साचत जाणारा संताप बघताना मला माझ्या ओळखीतल्या किती मुली आठवल्या! तोच प्रसंग इतक्या वेळा दाखवल्याबद्दल काहींनी कंटाळ्याची तक्रार केली. मला वाटतं, एखाददुसऱ्या बैठकीत तो आपल्याला नुसता वाईट वाटला असता. पाचव्या-सहाव्या बैठकीला आपणच त्या खोलीतून उठून जावंसं वाटतं, आणि सविताला उठता येत नाही.

आता 'होमबाउंड'. मे २०२० मधलं ते छायाचित्र बहुतेकांना आठवत असेल: रस्त्याच्या कडेला आजारी मित्राला मांडीवर घेऊन बसलेला एक तरुण. सुरतेहून उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावी निघालेले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. त्यांच्यावर बशारत पीर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला आणि त्यावरून नीरज घायवान यांनी हा सिनेमा केला. मी तो बघायचं बरेच दिवस टाळलं होतं. शेवट माहीत असताना तिथपर्यंत चालत जायचं धैर्य होत नव्हतं.

पण घायवान यांनी टाळेबंदीची वाट शेवटासाठी राखून ठेवलीय. सिनेमाचा बराच मोठा भाग ही मुलं गेली का, याच प्रश्नाला दिलाय. चंदन आणि शोएबला पोलीस शिपाई व्हायचंय, कारण वर्दी अंगावर चढली की नाव आणि आडनाव विचारायची कुणाची हिंमत होणार नाही, असं त्यांना वाटतं. परीक्षेचे निकाल रखडतात. चंदन अर्जात आपली जात लिहायचं टाळतो. शोएबला कचेरीतल्या साहेबांच्या घरी, भारत-पाकिस्तान सामन्याच्या मेजवानीत, हसत हसत अपमान गिळावा लागतो. चंदनच्या आईला शाळेत स्वयंपाकाचं काम मिळतं, तर तिच्या हातचं आमच्या मुलांनी खायचं नाही म्हणून पालक उठतात. पक्कं घर बांधायला पैसे हवेत म्हणून शेवटी सुरतेची कापडगिरणी. ज्या घरासाठी गेले त्याच घराकडे ते परत निघालेत, हे एकदा कळल्यावर उन्हातल्या त्या वाटेवर मला पडद्याकडे सरळ बघता येईना. विशाल जेठवा आणि ईशान खट्टर दोघांनीही जीव ओतलाय. दुःखाचे काही प्रसंग जरा ओळीनं लावल्यासारखे वाटतात, पण ते खोटे नाहीत, आणि असे प्रसंग आयुष्यात ओळीनंच येणारी माणसं आपल्या आसपास आहेत.

या सिनेमात चंदनची बहीण आहे, वैशाली. तिच्या वाट्याला फार प्रसंग नाहीत. एकदा ती भावाला ऐकवते, की या घरात काय करायचं ते निवडायची मुभा फक्त तुलाच मिळाली. आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल इतका वेळ बोलणाऱ्या चंदनकडे त्यावर उत्तर नसतं. हर्षिका परमारनं ते वाक्य आवाज न चढवता म्हटलंय, आणि माझ्या मते सिनेमातलं सगळ्यांत धारदार वाक्य तेच आहे.

मला वैशालीचा सिनेमा बघायचाय. तिची शाळा कितव्या इयत्तेत सुटली, ती सोडताना तिला कुणी विचारलं का, भाऊ परीक्षेची पुस्तकं घेऊन बसायचा तेव्हा ती काय करत होती, सुरतेहून आलेल्या पैशातून भिंत उभी राहताना विटा कुणी उचलल्या. तंजावरच्या मांडवातली ती बाई, कोकणात उतरलेली पार्वती, आणि वैशाली, यांच्यापैकी कुणाहीपासून सुरुवात केली तरी चालेल. घायवान यांनी तो करावा, सोमलकरांनी करावा, किंवा आज अजून नाव न झालेल्या एखाद्या मुलीनं करावा. पहिल्या दिवशीचं तिकीट मी काढेन.